पाणी पिणाऱ्यांचं आडनाव

माझं आडनाव मी इथे पूर्ण लिहिणार नाही. सासरची मंडळी वाचतात, आणि त्यांच्यातले दोघे वकील आहेत. एवढंच सांगते की त्याच्या पहिल्या भागात पाल आहे आणि दुसऱ्या भागात आमच्या पूर्वजांनी तिला मारल्याची कबुली आहे. जुळवणी तुमची तुम्ही करा. वाघ मारणाऱ्यांच्या आडनावाला एक वजन असतं. ते ऐकून समोरचा खुर्चीत सरळ होऊन बसतो. आमचं ऐकल्यावर तो आधी छताकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग खोकला आल्याचं नाटक करतो.

हे आडनाव मला जन्माने मिळालेलं नाही, लग्नाने मिळालं. माहेरचं आडनाव गावाच्या नावाला ‘कर’ लावून केलेलं. सभ्य, धुऊन इस्त्री केलेलं, आणि कुणाच्या लक्षात न राहणारं. शाळेत बाईंनी हजेरी घेताना माझं नाव पुकारलं की वर्गात काहीच व्हायचं नाही. त्याच वर्गात एका मुलीच्या आडनावात दहा तोंडं होती आणि तिचं नाव आलं की मागच्या बाकापर्यंत लाट जायची. मला तिचा हेवा वाटायचा, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

मग पुण्यात माझं लग्न झालं. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. पहिलं नाव बदललं होतं, त्यापुढे त्याने हौसेने आडनावही काढायला घेतलं. ताट लहान, आडनाव लांब. शेवटचं अक्षर तांदूळ ओलांडून ताटाच्या काठावर चढलं. माझा मामा मागून म्हणाला, “चढली बघा भिंतीवर!” अख्खा मांडव हसला. मी शालूत, मुंडावळ्यांमागे, मान खाली घालून बसलेली. पोटातून हसू उसळत होतं आणि नवरीने हसायचं नाही असं आईने बजावलेलं. चोरून शेजारी पाहिलं तर सगळ्यांत मोठ्याने नवराच हसत होता. स्वतःच्या आडनावावर, स्वतःच्या लग्नात. त्या क्षणी वाटलं, चला, घर बरं मिळालं.

सासऱ्यांकडे या आडनावाच्या तीन कथा होत्या आणि ते पाहुण्याचा दर्जा बघून त्यांतली एक वाढायचे. साधा पाहुणा असला तर: एका सरदाराच्या पंगतीत खिरीच्या पातेल्यावर पाल होती, ती आमच्या पूर्वजाने वेळेवर पाहिली आणि शंभर माणसं वाचली. पाहुणा मोठा असला तर त्याच सरदाराच्या पगडीवर पाल पडली, पूर्वजाने ती पगडीसकट उडवली आणि बदल्यात इनाम मिळालं. आणि घरातलाच कुणी असला तर तिसरी, खरी वाटणारी: आमचा पूर्वज दिवसभर ओसरीवर पडून असायचा, आणि गावाने विचारलं, हा करतो काय, तर कुणीतरी म्हणालं, पाली मारतो. माशा मारणारे गावात आधीच दुसरे होते.

न्यूझीलंडला आलो तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. नवरा इंजिनियर, त्याला वेलिंग्टनला नोकरी लागली आणि आम्ही शेजारच्याच लोअर हटला घर घेतलं. इथे आल्यावर एक गोष्ट झाली जिची मी कल्पनाच केली नव्हती. आमच्या आडनावाला कुणी हसेना. बँकेत, दवाखान्यात, शाळेत सगळे ते कागदावर बघायचे, दीर्घ श्वास घ्यायचे आणि खोल पाण्यात उडी मारल्यासारखे त्यात उतरायचे. मधेच कुठेतरी दम तुटायचा. मग “सॉरी, ब्यूटिफुल नेम” म्हणायचे. ब्यूटिफुल! सासऱ्यांनी ऐकलं असतं तर पहिली कथा बाद करून चौथी रचली असती.

नवऱ्याच्या ऑफिसात त्या आडनावाचा पहिला तुकडाच काय तो टिकला. ‘पाल’ इंग्रजीत लिहिलं की ‘पॅल’ होतं, आणि पॅल म्हणजे दोस्त. “मॉर्निंग, पॅल!” सगळे त्याला दोस्त म्हणत आणि तो घरी येऊन सांगायचा, “आज पुन्हा मला सतरा माणसांनी पाल म्हटलं, आणि सतराही जणांनी प्रेमाने.” तरी मला माहीत होतं की त्याला ती खोकल्याची नाटकं आठवतात. ज्या आडनावावर हसायला चारचौघं जमतात ते आडनाव जिवंत असतं. इथे ते नुसतं अक्षरांची रांग होऊन गेलं होतं.

कदाचित म्हणूनच त्याने मुलीशी ती लबाडी केली. ती सहा-सात वर्षांची असताना शाळेत ‘माझ्या कुटुंबाचं नाव’ असं पोस्टर करायचं होतं. तिने बापाला अर्थ विचारला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हा गृहस्थ क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ड्रॅगन मारणारे.” पुढचे दोन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर हिरवा रंग सांडत होता. पोस्टरवर एक अवाढव्य ड्रॅगन, त्याच्या नाकातून ज्वाळा, आणि समोर तलवार घेतलेला धोतरातला पूर्वज. शाळेने ते वर्षभर भिंतीवर लावलं. एक माओरी मुलगा तिला रोज सकाळी वाकून “किया ओरा, ड्रॅगन क्वीन” म्हणायचा.

“खरं कधी सांगणार?” मी विचारलं.

“ड्रॅगन म्हणजे काय गं,” नवरा म्हणाला, “मोठी पालच.”

खरं त्याने सांगितलंच नाही. ती तेरा वर्षांची असताना आम्ही पुण्याला गेलो होतो. तिथे ती चुलतभावंडांना आपल्या मोडक्या मराठीत ड्रॅगनचं सांगायला लागली, आणि एकाने तिला हाताला धरून ट्यूबलाइटखाली नेऊन उभं केलं. “तो बघ तुझा ड्रॅगन.” भिंतीवरची ती बिचारी एक किडा तोंडात धरून स्तब्ध. भावंडं गडाबडा लोळली. माझी मुलगी हसली नाही. तिला न्यूझीलंडच्या शाळेतली भिंत आठवली असणार, त्यावरचा ड्रॅगन, रोजचं ते वाकणं. परतीच्या विमानात ती बापाच्या शेजारी बसायला तयार नव्हती. त्यानंतर तिने स्वतःच्या नावापुढे ते आडनाव कधी पूर्ण लावलं नाही. फेसबुकवर, सीव्हीवर, सगळीकडे आद्याक्षर आणि एक टिंब. त्या टिंबात आमचं सगळं घराणं.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली. ते मी इथे विस्ताराने सांगणार नाही. तो माणूस रडकी गोष्ट सुरू झाली की उठून चहा टाकायला जायचा.

गेल्या वर्षी मुलीने लग्न ठरवलं. मुलगा इथलाच जन्मलेला, आई किवी, बापाकडून इटालियन. उंच, लाजरा. काम काय करतो, तर डोंगरात जाऊन गेको मोजतो. गेको म्हणजे इथली रानातली पाल. हिरवीगार, देखणी, आणि कायद्याने संरक्षित. तिला हात लावला तरी दंड. माझ्या मुलीने जगात शोधून शोधून पालींचा पालक आणला. मला हे कळलं त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून हसले, आणि हसू थांबल्यावर लक्षात आलं की हे ज्याला सांगावं तो घरात नाही.

त्याचं आडनाव बेविलाक्वा. मुलीने ते पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

“ऐक ना, आई. बे-वि-लाक्-वा. इट्स लाइक म्युझिक.”

“छान आहे.”

“लग्नानंतर मी तेच लावणार.”

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं नाही, पण पोळीचा नकाशा झाला. “आणि आपलं?”

“आई, प्लीज.”

“अगं, पण तू एकटीच आहेस. बाबा गेला. तू सोडलंस की इथे ते संपलं. कुणी उरणारच नाही.”

“इट्स जस्ट अ नेम.”

“मग राहू दे की.”

“तू तुझं ठेवलंस का?” ती म्हणाली. “तू तर पहिलं नावपण बदललंस. यू वर अ होल डिफरंट पर्सन!”

बरोबर होतं तिचं. मी ताटातल्या तांदळावर एक आख्खी मुलगी पुसून आले होते आणि मजेत आले होते. आता त्याच आडनावासाठी मी हिच्या पाया पडत होते. नवऱ्याचं काय उरलं होतं माझ्याकडे? कपडे देऊन टाकले, गाडी विकली. हिचं नाक आणि ते आडनाव. नाक तर ती बदलणार नव्हती.

“त्याला आपल्या आडनावाचा अर्थ माहीत आहे?” मी विचारलं.

ती फ्रिज उघडून आत बघत राहिली. “सॉर्ट ऑफ.”

“सॉर्ट ऑफ म्हणजे?”

“मी सांगितलंय... ड्रॅगन.”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या घरात ती जरा जास्तच मोठ्याने चुकचुकते. ही मुलगी बापावर तेराव्या वर्षापासून रुसली होती ज्या थापेसाठी, तीच थाप हिने होणाऱ्या नवऱ्याला मारली होती. आणि आता ती थाप उघडी पडायच्या आत आडनावच बदलून मोकळी होणार होती.

मग त्याच्या आजोबांनी आम्हाला जेवायला बोलावलं. उन्हाळ्यातला रविवार. ते पण लोअर हटमध्येच राहतात, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. त्यांना सगळेच नोनो म्हणतात, इटालियनमध्ये आजोबा. ऐंशीच्या घरात, आखूड बांध्याचे, हात फावड्यासारखे. तरुणपणी उत्तर इटलीतून इथे आले ते डोंगरात बोगदे खणायला. विजेसाठी पाणी न्यायचे बोगदे. मी अळूवड्या करून नेल्या होत्या. इथे सामोअन लोकांच्या दुकानात अळूची पानं मिळतात. त्यांनी मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवला होता, म्हणजे थेट आपली उकड, फक्त वरून चीज. अंगणात टोमॅटोच्या वेलांशेजारी टेबल मांडलेलं. नोनो, मुलगा, त्याची आई, माझी मुलगी आणि मी.

मी ठरवूनच आले होते. कुणी मराठी माणूस अनोळखी आडनाव ऐकून गप्प बसलाय का? आपण आगगाडीत शेजारच्याला विचारतो, मूळ गाव कुठलं, म्हणजे कोकणातले का, देशावरचे का. मनात म्हटलं, या संगीताच्या पोटात काय आहे ते तरी कळू दे. देवा, राजा-महाराजा निघू देऊ नकोस.

“नोनो,” मी इंग्रजीत म्हणाले, “तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?”

माझी मुलगी माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी टेबलावर चढून नाचायला सुरुवात केली आहे.

नोनोंनी चमचा खाली ठेवला. चेहरा उजळला. “सिन्योरा! पंचावन्न वर्षं या देशात. हे मला कुणी विचारलं नाही!” मग ते उभे राहिले. खरंच उभे राहिले. “बेवी, म्हणजे पी. लाक्वा, म्हणजे पाणी. पाणी पी!”

“म्हणजे?” माझी मुलगी.

“म्हणजे तेच. मिस्टर पाणी-पी.”

मी हातातली अळूवडी खाली ठेवली. माझ्या आत एक मोठा पडदा हळूहळू वर जात होता आणि मागे सनई वाजत होती.

नोनो आता थांबणार नव्हते. त्यांच्याकडेही, ऐका मंडळी, त्यांच्याकडेही तीन कथा होत्या! एक, त्यांचा पूर्वज व्रतस्थ होता आणि दारूला शिवत नव्हता, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. दोन, तो गावातला सगळ्यांत मोठा दारुडा होता, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. “आमच्या गावातली माणसं चांगली होती,” नोनो म्हणाले, “पण खवचट. मी दुसरी मानतो.” तिसऱ्या कथेत एक किल्ला होता. त्यांच्या नावाचा किल्ला उत्तरेत खरंच उभा आहे, बेविलाक्वा नावाचे सरदार तिथे होऊन गेले, आणि नोनोंचे वडील तो आपलाच असल्याचं सांगायचे. फक्त किल्ली हरवली आहे म्हणायचे.

“मग हे आडनाव फार लोकांचं आहे?” मी विचारलं.

“फार! माझ्या भागात दगड मार, बेविलाक्वालाच लागेल. आणि खाली दक्षिणेत, इटलीचा बूट आहे ना, त्याच्या तळव्याकडे, तिथे पुन्हा खूप आहेत. माझा बाप म्हणायचा, ते आपले नव्हेत. ते खरोखरच पाणी पितात.”

मी टेबलावर हात आपटून हसले. मुलाची आईही हसत होती. तिने बहुतेक हे आधी ऐकलेलं असावं, कारण ती हसताना नोनोंचा ग्लास सुरक्षित जागी सरकवत होती. नोनो सांगत राहिले. गावात ते वाईनच्या दुकानात शिरले की आतून आरोळी यायची, “अरे, तुला नळ बाहेर आहे!” पाऊस पडला की शेजारी म्हणायचे, “चला, यांच्या घरी दिवाळी.” दिवाळी हा शब्द माझा, पण मतलब तोच. बाप्तिस्मा करताना पाद्रीही पाणी ओतताना दोन वेळा थांबला होता.

“आणि मग इथे आलो,” नोनो म्हणाले आणि बसले. “बोगद्यात मला म्हणायचे बेव्ह. बेव्ह! बेव्ह हे बायकांचं नाव आहे, सिन्योरा. माझ्या फोरमनची बायको बेव्ह होती. मी दाढीवाला, फावडं घेऊन चिखलात उभा, आणि वरून आवाज येतो, बेव्ह, डार्लिंग, बादली पाठव.” त्यांनी पोलेंताकडे बघितलं. “कुणी हसत नव्हतं. त्यांना अर्थच माहीत नव्हता. तो फोरमन, त्याचं आडनाव काय होतं माहितीय? ड्रिंकवॉटर.”

“नाही!” माझी मुलगी ओरडली.

“इंग्लंडहून आलेला. ड्रिंकवॉटर! दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं, त्याला माहीत नाही, मला माहीत नाही. मला इंग्रजी येत नव्हतं. एक दिवस आमच्या आचाऱ्याने मस्टरवर त्याचं नाव वाचलं आणि मला अर्थ सांगितला. मी धावत गेलो. बोगद्याच्या तोंडापर्यंत, बूट चिखलात. त्याला म्हटलं, यू, मी, सेम! यू, मी, सेम!”

“आणि तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, बेव्ह, गो होम, यू आर ड्रंक.”

आता तर मुलाच्या आईनेही स्वतःचा ग्लास सुरक्षित जागी सरकवला. नोनो हसत नव्हते, ते आमच्याकडे बघत होते. एका माणसाने आपला जुना विनोद पंचावन्न वर्षं डब्यात जपून ठेवावा आणि शेवटी झाकण उघडल्यावर त्याचा वास अजून तसाच ताजा असावा, असा त्यांचा चेहरा होता. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. सतरा माणसांनी पाल म्हटल्याचं सांगताना आमच्या दारात एक जण असाच उभा राहायचा.

“आता तुमचं,” नोनो मला म्हणाले. “तुमच्या नावाचा अर्थ काय?”

“ड्रॅगन स्लेअर्स, नोनो!” होणारा जावई अभिमानाने म्हणाला. बिचारा. घास तोंडात होता त्याच्या.

मला ठाऊक होतं काय करायचं ते. गोष्ट सांगायची म्हटली की मी मेलेल्या माणसालाही उठवून बसवीन, अशी माझी ख्याती आहे. पंगत, पगडी, ओसरी, तिन्ही कथा माझ्या ओठांवर रांग लावून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं आणि मुलीकडे पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तेराव्या वर्षी ट्यूबलाइटखाली झाल्या होत्या तशा. मी तोंड मिटलं आणि त्यात एक आख्खी अळूवडी कोंबली. आयुष्यात मी एवढं कठीण काम केलेलं नाही.

“नॉट ड्रॅगन्स,” ती म्हणाली.

“हं?” जावई.

“आय लाइड. म्हणजे, बाबाने मला सांगितलं होतं आणि ते खोटं होतं आणि मी तुला तेच सांगितलं.” तिने श्वास घेतला. मग वाकून पायातलं एक जँडल, म्हणजे इथली रबरी स्लिपर, काढलं, हातात घेतलं, आणि टेबलाच्या कडेवर सप्पकन मारलं. टोमॅटोवरच्या चिमण्या उडाल्या. “गेको,” ती म्हणाली. “वी किल गेकोज. दॅट्स द नेम.”

जावयाने तिच्याकडे पाहिलं. जँडलकडे पाहिलं. त्याचा चेहरा अगदी गंभीर झाला. एका संरक्षित प्रजातीच्या रक्षकासमोर आमच्या घराण्याने गुन्हा कबूल केला होता.

“कुठल्या जातीचे?” त्याने विचारलं.

काय सांगू! ती पहिली हसली. नोनो तर डोकं टेबलावर टेकवून हसत होते, खांदे हलत होते, आणि मधून मधून “सेम, सेम” एवढंच ऐकू येत होतं. जावई खरंच विचारत होता. त्याला जात हवी होती. भिंतीवरची असते म्हटल्यावर म्हणाला की ती इकडे मिळत नाही, तेव्हा कायदेशीर अडचण नाही.

आणि मग माझी मुलगी सांगायला लागली. पोस्टर, हिरवा रंग, धोतरातला पूर्वज, वाकणारा मुलगा. मग पुणं, ट्यूबलाइट, चुलतभाऊ. मी ही गोष्ट तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. चुलतभावाचा आवाज तिने हुबेहूब काढला. विमानात बापाशेजारी बसायला नकार दिला ते सांगताना ती थांबली आणि म्हणाली की तिच्या मागच्या रांगेत बाबा बसला होता आणि बारा तास तो सीटच्या फटीतून हळूच म्हणत होता... मग तिने ते वाक्य मराठीत म्हटलं. नोनोंच्या अंगणात, त्या इटालियन टेबलावर, बापाचा तो जरा नाकातला स्वर लावून:

“ड्रॅगन म्हणजे काय गं, मोठी पालच.”

मग तिने त्याचं इंग्रजी करून सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही. मी उठून आत गेले, अळूवड्या गरम करायच्या निमित्ताने. त्या गरमच होत्या.

घरी येताना गाडीत ती लग्नाच्या हॉलबद्दल बोलत राहिली. मला जे हवं होतं ते मिळालं की नाही हेच मला कळत नव्हतं. ती हसली होती, पण हसून माणूस आडनाव सोडू शकतो. हसून तर जास्त सहज सोडतो. आणि बेविलाक्वा आता मला आवडायला लागलं होतं, हा आणखी एक घोटाळा. गेल्या वेळी मी ज्या शत्रूचं नाव पोळीवर लाटत होते त्याचा अर्थ कळल्यावर तो सोयराच निघाला. तिने तेच लावायचं ठरवलं तर मी आता भांडणार तरी कशाच्या जोरावर?

पुढे तीन आठवडे गेले. रोज फोन व्हायचा. हॉल, फुलं, कुणाला बोलवायचं, पुण्याहून कोण येणार. आडनावाचं नाव नाही. मी दोनदा विचारायला गेले आणि दोनदा केटररचं विचारून परत आले.

मग एका मंगळवारी सकाळी मी कामावर असताना, लायब्ररीच्या काउंटरवर, तिचा फोन आला.

“आई, ऐक. मी नाव बदलत नाहीये.”

“अच्छा,” मी म्हणाले. लायब्ररी असल्यामुळे हळू आवाजात.

“तुझ्यासाठी नाही हं.”

“नाही नाही.”

“आणि बाबासाठीपण नाही. पासपोर्ट, लायसन्स, बँक, सगळं बदलायला लागतं. इट्स हीप्स ऑफ वर्क. मला कंटाळा येतो.”

“साहजिक आहे.”

“आणि टिंबपण काढतेय. सगळीकडे पूर्ण लिहिणार. कारण ते अर्धवट दिसतं.”

“हो, अर्धवट दिसतं खरं.”

समोर एक म्हातारे गृहस्थ पाच पुस्तकं घेऊन उभे होते. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं.

“आई, तू रडतेयस का?”

“छे. कांदा चिरतेय.”

“तू कामावर आहेस.”

“मग?” मी म्हणाले. “कामावर कांदा चिरायला बंदी आहे?”